रियाजाचा कंटाळा नेमका कशाचा, हे आधी ओळखावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी सांभाळून चार-पाच वर्षे व्हायोलिन शिकणाऱ्या आणि रोज तासभर रियाज करणाऱ्या एका प्रौढ विद्यार्थ्याला गेल्या काही महिन्यांपासून वाद्याची पेटी उघडावीशीच वाटत नाही. तेच अलंकार, त्याच रचना, त्याच चुका. वाजवायला बसले की दहा मिनिटांत नजर घड्याळाकडे जाते. मन मारून रियाज चालू ठेवावा, काही काळ वाद्य बंद ठेवावे, की दुसरे एखादे वाद्य हाती घ्यावे, असे तीन पर्याय त्यांनी विचारले आहेत.

या तिन्हींपैकी कोणताही पर्याय आजच निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे तिन्ही निर्णय कधी ना कधी योग्य ठरू शकतात. परंतु कंटाळा नेमका कशाचा आला आहे हे न पाहता घेतले, तर त्यांतला कोणताही निर्णय सहा महिन्यांनी पुन्हा याच जागी आणून सोडतो. अनेक वर्षे व्हायोलिन शिकवताना माझ्या असे लक्षात आले आहे की विद्यार्थी ज्याला वाद्याचा कंटाळा म्हणतो, तो बहुतेक वेळा वाद्याचा नसतोच. हात सवयीने वाजवत राहतात, कानाला काही काम उरलेले नसते आणि मोकळे पडलेले मन बाहेरची वाट शोधू लागते. म्हणून उपाय शोधायचा तो आधी कानाकडे, आणि मगच वेळापत्रकाकडे.

हे चौथ्या-पाचव्या वर्षीच का घडते, तेही समजून घेण्यासारखे आहे. व्हायोलिनच्या पहिल्या वर्षी प्रत्येक गोष्टीला लक्ष द्यावे लागते: गज कसा धरायचा, तो घोडीला (तारांना उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्याला) समांतर कसा चालवायचा, पट्टीवर पडदे नसताना बोट नेमके कुठे ठेवायचे, हनुवटी आणि खांदा यांच्यात वाद्य किती सैल धरायचे. त्या काळात कंटाळ्याला जागाच नसते, कारण सगळे लक्ष कामात गुंतलेले असते. सरावाने यातली एकेक गोष्ट अंगवळणी पडते आणि तिला लक्ष लागेनासे होते. सरावाचा हेतूच तो आहे. परंतु अशा रीतीने जे लक्ष मोकळे झाले, त्याला नवे काम मिळाले नाही, तर तोच तास पोकळ वाटू लागतो. तेव्हा तुमचा कंटाळा हे अपात्रतेचे लक्षण समजू नये. गेल्या चार वर्षांचे कष्ट अंगी मुरले, त्याचाच तो एक परिणाम असण्याची शक्यता अधिक आहे.

शिकण्याच्या वाटेवर येणारा हा सपाट टप्पा फार पूर्वी नोंदवला गेला आहे. विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या अमेरिकी अभ्यासकांनी तारयंत्राची सांकेतिक भाषा शिकणाऱ्यांचे निरीक्षण करून 1897 आणि 1899 मध्ये आपले निबंध प्रसिद्ध केले. संदेश ऐकून उतरवून घेण्याचा वेग काही काळ वाढत जातो, मग बरेच दिवस जागचा हलत नाही आणि त्यानंतर पुन्हा वाढू लागतो, असे त्यांना दिसले. त्यांचे स्पष्टीकरण असे होते की शिकणारा आधी सुटी अक्षरे ओळखतो आणि पुढे अख्खे शब्द एका दमात ओळखू लागतो. अक्षरे पुरती पक्की होऊन शब्दांची सवय अजून बसायची असते, त्या मधल्या काळात बाहेरून प्रगती दिसत नाही. असा टप्पा प्रत्येकाला आलाच पाहिजे असे मात्र नाही, आणि हे पुढच्या अभ्यासांतून पुढेही आले. तरीही वाद्य शिकणाऱ्याला या स्पष्टीकरणाचा मोठा उपयोग होतो. तुम्ही सुटे सूर वाजवण्याकडून अख्खा वाक्यांश वाजवण्याकडे जात असाल, तर रियाज अजूनही एकेका सुराचाच चालू आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. हाताची तयारी पुढच्या पायरीची झालेली असताना मागच्याच पायरीचा अभ्यास रोज घडत असेल, तर कंटाळा येणे अगदी रास्त आहे.

दुसरे एक कारण याच्या अगदी उलट दिसते आणि म्हणूनच ते ओळखू येत नाही. काही विद्यार्थ्यांचा कान हाताच्या पुढे निघून जातो. चांगले ऐकणे वाढते, तालीम वाढते आणि दोन वर्षांपूर्वी ज्या सुराने समाधान होत असे, तो आता किंचित उतरलेला आहे हे कळू लागते. वाजवणे पूर्वीपेक्षा सुधारलेले असते, पण ऐकू येणाऱ्या उणिवा त्याहून वेगाने वाढलेल्या असतात. आपण मागे चाललो आहोत असे त्या माणसाला प्रामाणिकपणे वाटते. रोजच्या निराशेला तोंड देण्यापेक्षा पेटी न उघडणे सोपे वाटते आणि या टाळण्यालाच आपण कंटाळा म्हणतो. याची पारख सोपी आहे: वर्ष-दीड वर्षापूर्वीचे स्वतःचे एखादे ध्वनिमुद्रण असेल, तर ते शांतपणे ऐकावे आणि तीच रचना आज वाजवून त्याच्या शेजारी ठेवावी. ज्यांच्याकडे जुने ध्वनिमुद्रण नाही, त्यांनी आजचे करून ठेवावे. पुढच्या वेळी असे वाटेल तेव्हा ते उपयोगी पडेल.

तुमच्या बाबतीत यांपैकी काय घडते आहे, हे मी दुरून ठरवू शकत नाही, परंतु तुम्ही तीन-चार दिवसांत ठरवू शकता. रियाजाच्या जागी एक वही ठेवावी. वाजवताना ज्या क्षणी मन उठले असे जाणवेल, त्याच क्षणी गज खाली ठेवून दोन ओळी लिहाव्यात: काय वाजवत होतो, आणि त्या क्षणी काय ऐकत होतो. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ‘काहीच ऐकत नव्हतो’ असे उत्तर वारंवार आले, तर पुढचे उपाय तुमच्यासाठीच आहेत. ‘चुकाच ऐकत होतो’ असे आले, तर कान पुढे गेला आहे आणि कामाचा आवाका लहान करायला हवा. खांदा, मान किंवा मनगट यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा आला, तर हा प्रश्न कंटाळ्याचा नाहीच; त्याविषयी पुढे लिहिते.

कानाला काम देणे म्हणजे काय, हे एका अगदी साध्या अभ्यासावरून सांगते. मोकळी तार घ्यावी, डाव्या हाताचे बोटही लावू नये, आणि गज मुठीपासून, म्हणजे हाताने धरतो त्या बाजूपासून, टोकापर्यंत इतका सावकाश ओढावा की एका ओढीला पंधरा-वीस सेकंद लागतील. नुसते घड्याळ लावून हे केले, तर जगात यासारखे नीरस काही नाही. आता हेच करताना एकच गोष्ट ऐकायची असे ठरवावे: ओढीच्या पहिल्या तिसऱ्या भागातला आणि शेवटच्या तिसऱ्या भागातला आवाज सारखा आहे का? तो नसतोच. मुठीजवळ हाताचे आणि गजाचे वजन तारेवर जास्त पडते, टोकाकडे ते कमी होत जाते आणि आवाज पातळ होऊ लागतो. तो सारखा ठेवायचा, तर टोकाकडे जाताना पहिल्या बोटाने किंचित भार द्यावा लागतो, मुठीकडे परतताना करंगळीने गजाचे वजन तोलावे लागते, आणि गज घोडीच्या जवळ आहे की पट्टीच्या, यावरही हे सारे अवलंबून असते. गज फार हलका राहिला तर सूर शिट्टीसारखा वर सरकतो, फार दाबला तर खरखरतो. या दोहोंमधली वाट प्रत्येक तारेसाठी निराळी आहे. हे ऐकू येऊ लागले की दहा मिनिटे कशी गेली ते समजत नाही, आणि सगळा वेळ वाजवलेला सूर मात्र एकच असतो.

दुसरा अभ्यास मला याहून प्रिय आहे, कारण त्यात वाद्य स्वतः उत्तर देते. तुमचे व्हायोलिन जी, डी, ए, ई या सुरांच्या पाश्चात्य जुळवणीत असेल, तर डी तारेवर तिसऱ्या बोटाने ‘जी’ हा सूर वाजवावा. हा सूर मोकळ्या जी तारेच्या बरोबर एक सप्तक वरचा आहे. बोट अचूक जागी पडले, तर गज न लागलेली जी तार आपणहून कंप पावू लागते. नीट पाहिले तर ती धूसर झालेली डोळ्यांनाही दिसते, आणि आवाजात एकदम गोलाई येते. बोट केसभर इकडेतिकडे झाले की ती तार निश्चल होते आणि सूर कोरडा ऐकू येतो. तारा सा आणि प या सुरांना लावलेल्या षड्ज-पंचमाच्या जुळवणीतही हेच तत्त्व लागू पडते: मोकळ्या तारेशी सप्तकाचे नाते असलेला कोणताही सूर घ्यावा. सतारीच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या न छेडलेल्या तारा, याच कारणाने बोलतात. गिटारवर सहाव्या तारेचा पाचवा पडदा दाबून वाजवला की जुळलेली मोकळी पाचवी तार त्याला साथ देते. या अभ्यासात गुरूने ‘बरोबर’ म्हणण्याची वाट पाहावी लागत नाही. ज्यांना आपल्या सुरांविषयी सतत शंका असते, त्यांचा रियाजातला रस या एका गोष्टीने परत आलेला मी पाहिला आहे.

अलंकार आणि सरगम यांच्याविषयीची तुमची तक्रार मी समजू शकते, परंतु दोष त्यांच्याकडे जात नाही. एकच गोष्ट रोज वाजवल्याने कंटाळा येतो, हे खरे असते, तर पाब्लो कासाल्स यांच्यासारख्या चेलोवादकाचे आयुष्य समजावूनच घेता आले नसते. जर्मन संगीतकार बाख याच्या चेलोसाठीच्या सुइट (रचनामालिका) त्यांना वयाच्या तेराव्या वर्षी सापडल्या, आणि त्या लोकांसमोर वाजवण्यापूर्वी त्यांनी त्यांच्यावर बारा वर्षे काम केले. उतारवयातही दिवसाची सुरुवात ते पियानोवर बाखच्या ‘प्रिल्यूड’ आणि ‘फ्यूग’ या प्रकारच्या रचना वाजवून करीत, आणि प्रत्येक दिवशी त्या रचनांत काही नवे सापडते असे ते सांगत. त्यांच्याएवढी प्रतिभा आपल्याजवळ नाही हे उघड आहे. पण रीत तर घेता येते. एकच पलटा, म्हणजे अलंकारातली सुरांची एक ठरलेली मांडणी, आज गजाच्या एका ओढीत चार सूर असा बांधावा, उद्या तीन सूर जोडून आणि एक सुटा. परवा आघात दुसऱ्या सुरावर द्यावा, म्हणजे ओळखीचा पलटा अनोळखी वाटू लागतो. एखाद्या दिवशी तो अतिशय हळू आवाजात, पण सूर न तुटू देता वाजवावा. प्रत्येक वेळी काय ऐकायचे ते आधी ठरलेले असले पाहिजे. नुसता फरक करत राहिल्याने चार दिवस गंमत वाटते आणि पाचव्या दिवशी त्याचाही कंटाळा येतो.

आता रियाजाच्या मांडणीकडे वळू. बहुतेक जण तासाची आखणी अशी करतात: वीस मिनिटे अलंकार, मग एकाच रचनेचा एकच भाग हातात बसेपर्यंत, आणि वेळ उरला तर जुने काहीतरी. एकाच गोष्टीची सलग पुनरावृत्ती केली की ती त्याच बैठकीत चांगली वाजू लागते, त्यामुळे ही पद्धत फलदायी वाटते. जॉन शिया आणि रॉबिन मॉर्गन यांनी 1979 साली हाताच्या हालचाली शिकण्यावर केलेल्या एका प्रयोगात मात्र वेगळे चित्र दिसले. एका गटाने एकेक हालचाल सलग घोटवली, दुसऱ्या गटाने तिन्ही हालचाली आलटून पालटून केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट सरस ठरला. पण काही काळाने परीक्षा घेतली तेव्हा आलटून पालटून शिकलेल्यांना अधिक चांगले आठवत होते. कारण उघड आहे. प्रत्येक वेळी परत येताना ती हालचाल नव्याने आठवावी आणि जुळवावी लागते. सलग घोटण्यात हे आठवणे पहिल्या दोन-तीन वेळांनंतर संपते, आणि कंटाळाही नेमका तिथेच सुरू होतो.

म्हणून तुमच्या तासात तीन-चार कामे घ्यावीत आणि प्रत्येकाला पाच-सहा मिनिटांहून अधिक एका वेळी देऊ नयेत. अलंकाराकडून रचनेच्या अवघड जागेकडे, तिथून लांब गजाच्या अभ्यासाकडे, आणि पुन्हा त्याच अवघड जागेकडे जावे. मात्र एक सूचना मनात पक्की असावी: या रीतीने पहिले दहा-बारा दिवस वाजवणे आधीपेक्षा वाईट झाल्यासारखे वाटते. पूर्वी विसाव्या आवर्तनाला जी सफाई दिसत होती, ती इथे दिसत नाही. तेवढ्यावरून पद्धत सोडून देऊ नये. कस दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या प्रयत्नावर लावावा. जे पहिल्याच प्रयत्नात येते, तेवढेच खऱ्या अर्थाने आपले झालेले असते. अगदी नवी, अजून हातात न आलेली जागा असेल, तर तिला आरंभी सलग वेळ द्यायलाच हवा. हा नियम ओळखीच्या झालेल्या गोष्टींसाठी आहे.

वेळेविषयी थोडक्यात सांगते. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा जो अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध केला, त्याची आठवण लोक केवळ तासांच्या बेरजेसाठी काढतात. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या प्रश्नाला अधिक लागू आहेत. उत्तम विद्यार्थी आपला सराव मध्ये विश्रांती घेत तुकड्यांनी करीत आणि दुपारी थोडी झोपही घेत. आणि एकट्याने केलेला सराव प्रगतीसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे असे मानणारे हे विद्यार्थी त्याला सर्वांत आनंदाची गोष्ट मात्र म्हणत नव्हते. रियाजाच्या प्रत्येक मिनिटाला आनंद वाटलाच पाहिजे ही अपेक्षा तुम्ही मनातून काढून टाकली, तरी निम्मे ओझे उतरेल. दिवसभराच्या नोकरीनंतर सलग तास देण्यापेक्षा सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस मिनिटे पूर्ण लक्षाने दिली, तर अधिक काम होते. लक्ष संपले की थांबावे. त्यानंतरचा वेळ चुका पक्क्या करण्यात जातो.

ज्यांच्या वहीत ‘चुकाच ऐकत होतो’ असे लिहिले जाईल, त्यांनी कामाचा आकार लहान करावा. अख्खी रचना पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून वाजवणे ही माझ्या मते रियाजातली सर्वांत हानिकारक सवय आहे, कारण तिच्यात सोपा भाग शंभर वेळा घोटला जातो आणि अवघड जागी दरवेळी तीच ठेच लागते. ती जागा शोधावी. ती बहुधा चार-पाच सुरांचीही नसते. दोन सुरांमधल्या सांध्यातच सारी अडचण असते, म्हणजे हात वरच्या सप्तकाकडे सरकतो तो क्षण, किंवा गज एका तारेवरून दुसरीवर जातो तो क्षण. तेवढे दोनच सूर घ्यावेत. हात सरकवताना अंगठा मागे अडकतो आहे का, सरकण्यापूर्वीच बोटाचा दाब सैल होतो आहे का, तार बदलण्याआधी कोपराची उंची बदलली का, असे एका वेळी एकच पाहावे. मग आधीचा एक सूर जोडावा, नंतरचा एक जोडावा. अशी एक जागा आठवड्यात सुटली, तरी तो आठवडा सार्थकी लागला असे समजायला हरकत नाही.

केवळ अभ्यासच होत असेल आणि संगीत कधी वाजतच नसेल, तर कोणाचेही मन उडेल. रियाजाच्या शेवटी काही मिनिटे अशी ठेवावीत की ज्यात सुधारणेचा हेतू नाही. मनात घोळणारी एखादी सुरावट, लिपी न पाहता, नुसत्या कानाने वाद्यावर शोधून काढावी. सुरुवातीला पहिली ओळ सापडायलाही वेळ लागतो, पण कान आणि बोट यांच्यातले अंतर या शोधाशोधीने जितके कमी होते, तितके कोणत्याही छापील अभ्यासाने होत नाही. त्याहूनही प्रभावी उपाय म्हणजे दुसऱ्याबरोबर वाजवणे. तबल्याची साथ असो, दुसरे व्हायोलिन असो की गाणारा गळा असो, समोर जिवंत माणूस असला की लय सोडून चालत नाही, चूक झाली म्हणून थांबता येत नाही, आणि त्याने अचानक घेतलेली जागा ऐकून आपल्याला उत्तर द्यावे लागते. तिथे लक्ष आणावे लागत नाही, ते येतेच. महिन्यातून एक-दोनदा जरी असे घडले, तरी एरवीच्या एकट्या रियाजाला हेतू मिळतो. पुढच्या भेटीपर्यंत काय तयार करायचे आहे, ते ठाऊक असते.

एक गोष्ट फार वेळा दुर्लक्षित राहते, ती म्हणजे वाद्याची प्रकृती. जुन्या झालेल्या तारांमधला तेजस्वीपणा हळूहळू जातो, आणि तो इतका सावकाश जातो की रोज वाजवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. घामाने आणि मळाने तार सर्वत्र सारखी राहिली नाही, की तिच्यावर सूरही नीट जुळत नाहीत. गजाचे केस झिजले किंवा तेलकट झाले की राळ लावूनही ते तारेला पकड देत नाहीत. वारंवार जुळवणी केल्याने घोडीचा वरचा भाग पट्टीकडे ओढला जातो. शेपटीच्या बाजूने पाहता ती वाद्याच्या पोटाला काटकोनात उभी असली पाहिजे. हे सगळे बिघडलेले असताना वाजवणारा स्वतःला दोष देत राहतो आणि वाद्याचा आवाज आपल्याला आवडेनासा झाला आहे, हे त्याला समजतही नाही. कंटाळ्यावर कोणताही मोठा निर्णय घेण्यापूर्वी तारा बदलाव्यात आणि एखाद्या जाणत्या कारागिराला वाद्य दाखवावे.

शरीराची तक्रार याहून गंभीर आहे. वाजवताना किंवा वाजवल्यानंतर मान, खांदा, कोपर किंवा बोटे दुखत असतील, बोटांना मुंग्या येत असतील किंवा ती बधिर होत असतील, तर रियाज नकोसा वाटणे हा शरीराने दिलेला इशारा असतो. तो इच्छाशक्तीने मोडून काढण्याचा प्रयत्न कदापि करू नये. वाजवणे थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि मग गुरूंसमोर बसून वाद्य धरण्याची ढब तपासून घ्यावी. तसेच, केवळ वाद्यातलाच नव्हे, तर एरवी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टींमधला रस दोन-तीन आठवडे गेलेला असेल, झोप बिघडली असेल, तर तो प्रश्न संगीताचा राहिलेला नाही. त्याविषयीही संकोच न बाळगता डॉक्टरांशी बोलावे.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येते. मन मारून पूर्वीचाच रियाज चालू ठेवणे, हा त्यांपैकी सर्वांत कमी उपयोगाचा पर्याय आहे. शिस्त हवीच, परंतु ती पेटी उघडून वाद्य जुळवण्यापर्यंत नेऊन पोहोचवते, पुढे लक्षच लागते. ज्या दिवशी काहीच करावेसे वाटत नाही, त्या दिवशी केवळ वाद्य जुळवून पाच मिनिटे मोकळ्या तारांवर गज ओढावा आणि तरीही इच्छा झाली नाही, तर अपराधी न वाटून घेता पेटी बंद करावी. बरेचदा त्या पाच मिनिटांची वीस होतात. नाही झाली, तरी सवयीचा धागा तुटत नाही.

विश्रांती घेण्याविषयी बोलताना सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. कीर्तीच्या शिखरावर असताना, स्वतःच्या वाजवण्याविषयी असमाधान वाटल्याने, 1959 साली त्यांनी जाहीर कार्यक्रम बंद केले आणि 1961 पर्यंत ते मंचावर आले नाहीत. पण वाद्य त्यांनी खाली ठेवले नव्हते. घराशेजारच्यांना त्रास नको म्हणून न्यूयॉर्कमधल्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन ते तासन् तास वाजवत असत. म्हणजे विश्रांती कशापासून घ्यायची, हे त्यांना नेमके ठाऊक होते. तुम्हीही तेच ठरवावे. परीक्षेच्या अभ्यासक्रमापासून, एका विशिष्ट रचनेपासून, दुसऱ्यांशी तुलना करण्यापासून विश्रांती घेता येते आणि वाजवणे चालू राहते. तरीही वाद्यापासूनच दूर व्हावेसे वाटत असेल, तर जरूर व्हावे. पण परतण्याची तारीख आधी ठरवावी, ती दोन-तीन आठवड्यांपेक्षा लांब नसावी, आणि त्या काळात ऐकणे थांबवू नये. तारीख न ठरवता घेतलेली सुट्टी लांबत जाते आणि बोटे जड झाल्याच्या भीतीने परतणे अधिकाधिक अवघड होते.

दुसरे वाद्य शिकण्याला माझा विरोध नाही. तालवाद्याची थोडी ओळख झाली तर लयीची समज पालटते, हार्मोनियमवर बसले तर सूर डोळ्यांसमोर मांडलेले दिसतात, आणि हे सारे व्हायोलिनला उपकारकच ठरते. परंतु कंटाळ्यावर उतारा म्हणून वाद्य बदलले, तर नव्या वाद्यावर पहिली दोन वर्षे भराभर जातात, आणि हात सरावला की तोच सपाट टप्पा तिथेही समोर येतो. ऐकण्याची रीत बदलली नसेल, तर वाद्य बदलून काही बदलत नाही. उलट, वर सांगितलेले सगळे तीन-चार महिने प्रामाणिकपणे करूनही व्हायोलिनच्या आवाजाची ओढ वाटतच नसेल, आणि दुसऱ्या एखाद्या वाद्याचा आवाज कानावर पडताच पाऊल थबकत असेल, तर मात्र निःशंक मनाने ते वाद्य धरावे. इतक्या वर्षांत तयार झालेला कान तुमच्याबरोबरच येणार आहे.

सुरुवात कुठून करावी, असे विचाराल, तर या आठवड्यात दोनच गोष्टी कराव्यात: वही ठेवणे आणि तारा तपासून घेणे. पुढच्या आठवड्यापासून लांब गजाचा आणि मोकळ्या तारेला जागवणाऱ्या सुरांचा अभ्यास रोज दहा मिनिटे घ्यावा आणि उरलेल्या वेळात कामे आलटून पालटून करावीत. मग वहीतल्या नोंदी घेऊन गुरूंकडे जावे. ‘कंटाळा आला आहे’ एवढेच सांगितले, तर बहुतेक गुरू एक नवी रचना देतात, कारण त्यांच्यापुढे दुसरे काही ठेवलेलेच नसते. ‘वरच्या सप्तकाकडे हात सरकवताना मी ऐकणे सोडून देतो’ किंवा ‘पलटे वाजवताना पाचव्या मिनिटानंतर मला काहीच ऐकू येत नाही’ असे नेमके सांगितले, तर ते तुमच्यासमोर वाजवून दाखवतील, तुमचा हात पाहतील आणि पुढच्या तालमीपर्यंत काय ऐकत वाजवायचे, ते सांगतील.